मागच्यानं ओरडायचं

दगड मी वाचला होता. आता खोटं कशाला बोलू? फाट्यावरच्या पांढऱ्या दगडावर काळ्या अक्षरांत स्वच्छ लिहिलं होतं, उजवीकडे लोहा सतरा, डावीकडे कोरटवाडी नऊ. आम्हाला लोह्याला जायचं होतं. तिथं आमचा टेम्पो जेवण घेऊन थांबला होता. तिथून पुढे नांदेड, म्हणजे सात दिवसांच्या या छळाचा शेवट. आणि माझ्या पुढ्यात हातभर अंतरावर चाललेलं आबांचं मागचं चाक अगदी शांतपणे डावीकडे वळलं.

मीही वळलो. माझ्यामागे सरोजताई वळल्या, त्यांच्यामागे शेटे आणि शेवटी नदाफ सर. पाच सायकली एकामागोमाग एक वळल्या आणि कुणी चकार शब्द काढला नाही.

आबा म्हणजे माझे सासरे, भूपाल चौगुले. वय अडुसष्ट. सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली, लोकांची शेतं मोजण्यात आणि बांधाची भांडणं सोडवण्यात. कुठल्या गावाची शीव कुठं संपते हे त्यांना पाठ. दर जानेवारीत ते सांगलीहून चार-पाच जणांना घेऊन सायकलवर निघायचे आणि आठवडाभर माळ तुडवत कुठल्या तरी लांबच्या गावी पोचायचे. अकरा वर्षं हे चाललं होतं आणि अकरा वर्षं सगळ्यात पुढची सायकल त्यांचीच. नियम कडक. ट्रकचा रस्ता घ्यायचा नाही, आडरस्त्यानं जायचं. मोबाईल टेम्पोत ठेवायचे. रस्ता आबांच्या डोक्यात, बाकीच्यांनी डोकं घरी ठेवून यायचं.

आणखी एक नियम होता आणि तो ते रोज सकाळी निघताना नव्यानं सांगायचे. ओळीत चालताना मागच्याला फक्त पुढच्याचं चाक दिसतं. म्हणून पुढच्यानं "खड्डा!" म्हणून ओरडायचं आणि तो शब्द प्रत्येकानं मागे पोचवायचा. मागून काही आलं तर शेवटच्यानं "गाडी!" ओरडायचं, तो शब्द पुढे पोचवायचा. आबांना ऐकू गेलं की ते डावा हात वर करायचे. "हात वर झाला नाही तर परत ओरडायचं," ते म्हणायचे. "मागच्यानं लाजायचं नाही. मागच्यानं ओरडायचं."

आता मी या फंदात कसा पडलो ते सांगतो, कारण मी काही हौसेनं आलो नव्हतो. कॉलेज सुटल्यावर मी सायकलला हात लावला नव्हता आणि पोट असं सुटलं होतं की पॅडल मारताना गुडघा त्याला लागायचा. मला माझ्या बायकोनं, पद्मजानं, पाठवलं होतं. त्या दिवाळीत आबा नारळ आणायला विश्रामबागला गेले आणि अडीच तासांनी मिरजेच्याही पलीकडे सापडले. "एक जुना मित्र भेटला," म्हणाले. मित्राचं नाव विचारल्यावर चिडले. पद्मजा रात्रभर रडली आणि मग तिनं ठरवलं.

"तुम्ही त्यांच्याबरोबर जायचं," ती म्हणाली. "एकदा जरी ते रस्ता चुकले तर मला सांगायचं. खरं सांगायचं, त्यांना पाठीशी घालायचं नाही. आल्या आल्या ती सायकल भंगारात घालते बघा."

"अगं, त्यांचा जीव आहे त्या सायकलीत."

"माझा त्यांच्यात आहे," ती म्हणाली.

तर सहा दिवस मी हेरगिरी करत होतो आणि सहा दिवस माझं बूड, पाठ, मान, मनगटं, सगळं ठणकत होतं. मंगळवेढ्यात तर कुणी बोट लावलं तरी ओरडावं इतकं अंग दुखत होतं. सोलापुरात आबांनी नदाफ सरांना दोनदा "कुलकर्णी" म्हणून हाक मारली. लातूरच्या अलीकडे एका टपरीवर चहा पिऊन आम्ही उठलो, तर ते परत चहा सांगायला लागले. पण रस्ता? रस्ता एकदाही चुकला नव्हता. मी मनात म्हणत होतो, एक दिवस राहिला, आबा, एवढा एक दिवस काढा. तुमची सायकल वाचेल आणि मला घरी जाऊन खोटं बोलावं लागणार नाही.

आणि शेवटच्या दिवशी, सकाळी साडेनऊला, हा फाटा.

का नाही ओरडलो? तेरा वर्षं मी याची उत्तरं जुळवतोय. ओरडलो असतो तर सगळ्यांसमोर आबा चुकले असं झालं असतं आणि मग पद्मजाला सांगावंच लागलं असतं. हे एक. पण खरं सांगतो, दुसरंही होतं आणि ते जास्त लाजिरवाणं आहे. सकाळपासून समोरून वारा होता. त्या माळावर झाड म्हणून नाही, काढलेल्या तुरीच्या काड्या आणि मैलभर हरभरा. वारा छातीवर असा यायचा की उतारावरसुद्धा पॅडल मारावं लागायचं. डावीकडे वळलो आणि वारा एकदम कुशीला गेला. पाय हलके झाले. सात दिवसांत पहिल्यांदा सायकल आपण होऊन चालल्यासारखी वाटली. माझे पाय म्हणाले, गप बस. मी गप बसलो.

म्हटलं, आबांना माहीत असेल. पुढे आडवा रस्ता असेल. त्यांच्या डोक्यात असतं सगळं.

दोन किलोमीटर गेले. तीन गेले. सरोजताई टेलिफोन ऑफिसात होत्या, आणि ती बाई झोपेतसुद्धा बोलत असणार. सहा दिवस त्यांच्या सुनेच्या गोष्टी ऐकून माझे कान किटले होते. त्या दिवशी त्या रस्त्यावर त्यांचा एक शब्द नाही. फक्त चेनींचा आवाज आणि वारा.

आबा मात्र नेहमीसारखे चालवत नव्हते. एरवी ते मान वळवत नसत, पुढच्यानं मागे बघितलं की पडलाच असं त्यांचंच म्हणणं. पण त्या रस्त्यावर दोन-तीनदा त्यांनी मान जराशी वळवली, पुरती नाही, कान मागे करावा इतकीच. आम्ही येतोय की नाही ते बघत असतील, असं मला वाटलं. एका मोरीपाशी त्यांनी वेग कमी केला आणि डावा हात वर केला.

कुणीच ओरडलं नव्हतं. मी मागे वळून बघितलं. सरोजताईंनी मला डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? मी खांदे उडवले. आबांनी हात खाली घेतला आणि परत पॅडल मारू लागले.

कोरटवाडी म्हणजे पंचवीस-तीस घरं. ती ओलांडून रस्ता उतरला आणि सरळ पाण्यात गेला. म्हणजे खरोखरच पाण्यात. समोर मोठा तलाव, डांबरी रस्ता त्याच्यात शिरलेला आणि काठावर शेरडं घेऊन बसलेला एक म्हातारा.

"कुठं चाललाव?" त्यानं विचारलं.

शेवटी मीच म्हणालो, "लोह्याला."

"लोह्याला? मंग इकडं कशाला आलाव? हा रस्ता तळ्यात जाऊन लई वर्षं झाली. फाट्यावर दगड हाय की."

आबांनी सायकल स्टँडवर लावली. हातमोजे काढले, एकात एक घालून खिशात ठेवले आणि काही न बोलता पाण्याकडे गेले. चांगली पन्नास पावलं लांब जाऊन तोंड धुवायला बसले.

आणि मग सरोजताईंना एकदम कंठ फुटला. आबांना ऐकू जाईल अशा बेतानं त्या म्हणाल्या, "बाई बाई, काय सुंदर तळं आहे! बरं झालं आबांनी आणलं. नाहीतर आपण कधी बघणार होतो?"

"मला वाटलंच होतं," नदाफ सर म्हणाले. हे गणिताचे मास्तर, आयुष्यात एक चूक खपवून घेतली नसेल. "शेवटच्या दिवशी आबा काहीतरी खास दाखवणार."

शेटे बँकेत होते, त्यांना नाटक जमत नसे. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "उदयराव, दगड दिसला नाही का तुम्हाला?"

माझं डोकं सणकलं. "तुम्हाला दिसला होता?"

"दिसला की. म्हटलं, तुम्ही त्यांच्या मागेच आहात, जावई आहात, तुम्ही बोलाल. आम्ही बाहेरच्यांनी कशाला?"

"आणि तुम्ही?" मी सरोजताईंना विचारलं.

त्यांनी नजर खाली घातली. "परवा टपरीवरच्या चहाचं झालं ना, मी हसले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आज परत मीच कशी बोलू?"

नदाफ सरांना विचारायची गरजच नव्हती. ते चष्मा पुसत म्हणाले, "मी दोनदा तोंड उघडलं. मग वाटलं, चार जण पुढे आहेत, सगळेच कसे चुकतील?"

आयला, म्हणजे पाचातल्या चौघांनी दगड वाचला होता! नऊ किलोमीटर आम्ही एकमेकांच्या चाकाकडे बघत, एकमेकांच्या गप्प बसण्यावर विसंबून आलो होतो. मी इतका चिडलो होतो की सगळ्यांना पाण्यात ढकलावं असं वाटलं. मलाही धरून. वर आता तेच नऊ किलोमीटर उलटे जायचे, मग त्या वाऱ्यात लोहा, मग नांदेड. माझ्या मांड्या थरथरत होत्या. त्या म्हाताऱ्यानं हरभऱ्याचे डहाळे आणून आमच्यापुढे टाकले आणि म्हणाला, "खावा, दमलाव." आम्ही बसून हिरवे दाणे सोलू लागलो. मी मूठभर सोललेले दाणे घेऊन आबांकडे गेलो.

ते काठावर बसले होते. तोंडावरचं पाणी पुसलं नव्हतं.

"घ्या," मी म्हणालो. "तळं छान आहे. सरोजताई म्हणत होत्या—"

"उदयराव," ते म्हणाले, "दगड दिसला होता तुम्हाला?"

"कुठला दगड?"

"मोजणीदाराला दगडाचं खोटं सांगू नका."

मी त्यांच्या शेजारी बसलो. बसतानासुद्धा कण्हलो, इतकं अंग धरलं होतं. "दिसला होता," मी म्हणालो.

"मला पण दिसला."

मला कळेना. "मग?"

त्यांनी माझ्याकडून दाणे घेतले. हातातल्या दाण्यांकडे बघत होते.

"वाचला की मी. दोन्ही नावं वाचली. लोहा आणि कोरटवाडी. अक्षर न् अक्षर वाचलं. पण आपण कुठल्या गावाला निघालोय, तेच आठवेना." त्यांचा आवाज अगदी साधा होता, मोजणीचा आकडा सांगावा तसा. "थांबलो असतो तर विचारावं लागलं असतं. तुम्हाला सगळ्यांना. अकरा वर्षं पुढं चाललोय, कसं विचारायचं? म्हटलं, एक बाजू धरू. चुकली असली तर मागनं कुणीतरी ओरडेल. चार जण आहेत मागं."

मी वळून मागच्या तिघांकडे बघितलं.

"कुणी ओरडलं नाही," ते म्हणाले. "म्हणजे बरोबर असणार. असं धरून चालत राहिलो. सारखं वाटायचं, आता ओरडतील, आता ओरडतील. त्या मोरीजवळ तर मला ऐकूच आलं. हात पण वर केला मी."

मी रडलो. चौऱ्याण्णव किलो वजनाचा, दोन पोरांचा बाप, तळ्याच्या काठावर सासऱ्याशेजारी बसून हुंदके देऊन रडलो. त्यांना मान द्यायचा म्हणून मी गप्प बसलो होतो, असं स्वतःला सांगत होतो, आणि हा माणूस नऊ किलोमीटर कान मागे लावून माझ्या एका हाकेची वाट बघत होता.

"अहो, जावईबापू," त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "रडता काय? माझं तोंड आत्ताच धुऊन झालंय, परत धुवायला लावू नका."

"चुकलं माझं, आबा."

"पद्माला सांगणार ना तुम्ही?"

मी त्यांच्याकडे बघितलं.

"तिनं पाठवलंय तुम्हाला, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. एवढं पोट घेऊन हौसेनं कोण येतं?" ते जरासे हसले. मग हसू गेलं. "सांगा. लेक आहे ती. तिच्याशी खोटं बोलू नका. सायकल काय, जाईल. पण आज नांदेडपर्यंत..." ते एकेक दाणा तोंडात टाकत राहिले.

दाणे संपल्यावर ते उठले आणि म्हणाले, "चला. तुम्ही पुढं व्हा. मी शेवटी राहतो."

मी त्यांची सायकल स्टँडवरून काढली आणि आणून सगळ्यांच्या पुढे उभी केली, तोंड फाट्याकडे करून.

"तुम्हीच पुढं," मी म्हणालो. "मी ओरडतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि एकवीस वर्षं त्यांनी मला अहो-जाहोच केलं होतं, कितीही सांगितलं तरी. त्या वेळी मात्र ते म्हणाले, "ओरडशील का रे?"

"ओरडतो की."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

त्यांनी खिशातून हातमोजे काढले.

मी बाकीच्यांना काही समजावून सांगत बसलो नाही. एवढंच म्हणालो की आजपासून गावांची नावंसुद्धा खड्ड्यांसारखीच ओरडायची. सरोजताईंनी पदर... पदर कुठला, विंडचीटरची बाही डोळ्यांना लावली आणि सायकलवर बसल्या. त्यांना कळलं होतं. बोलक्या माणसाला न बोललेलं लवकर कळतं की काय, कोण जाणे.

परत फाट्यावर आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मी छाती भरून ओरडलो, "आबा, डावीकडं! लोहा!" माझ्यामागे सरोजताई ओरडल्या, "डावीकडं! लोहा!" मग शेटे, मग नदाफ सर. नदाफ सरांचा आवाज वर्गात कमावलेला, शेतातले बगळे उडाले. आबांचा डावा हात वर गेला आणि चाक वळलं.

मग वारा पुन्हा छातीवर आला. त्याचं वर्णन करत नाही, ज्याचं तो जाणे. लोह्यात टेम्पोवाला तानाजी शिव्या घालत थांबला होता, पोळ्यांचं चामडं झालं होतं. आम्ही तेच चामडं खाल्लं आणि निघालो. लोह्यापुढे आडरस्ता सोडून आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो, कारण आडरस्त्याला फाटे फार. नियम मोडला. आबा काही म्हणाले नाहीत. मी प्रत्येक वळणावर ओरडत होतो आणि जिथं वळण नव्हतं तिथंही. "सरळ, आबा! नांदेड!" पाच मिनिटं झाली की पुन्हा, "नांदेडला चाललोय, आबा!" रस्त्याकडेचे लोक बघत होते, यांना झालंय काय म्हणून. एक ट्रकवाला खिडकीतून ओरडला, "माहीत हाय की, नांदेडच हाय!" तेव्हा आबा मोठ्यानं हसल्याचं मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

शेवटचे दहा किलोमीटर माझा आवाज फुटत होता. पायांचं तर मी सोडूनच दिलं होतं, ते कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे फिरत होते. नांदेडात शिरलो तेव्हा सूर्य मावळायला आला होता. गोदावरीच्या पुलावर आबांनी हात वर करून आम्हाला थांबवलं, सायकलवरून उतरले आणि पुलाच्या कठड्याला टेकून उभे राहिले. आम्ही चौघं तिथंच फुटपाथवर बसलो. कुणी कुणाचं अभिनंदन केलं नाही. सरोजताईंनी बूट काढले आणि "आई गं" म्हणाल्या, बस्स, एवढाच आमचा समारंभ.

त्यानंतर आबा आणखी दोन वर्षं पुढे चालले, मी मागे. तिसऱ्या वर्षी सायकल कशी चालवायची हे विसरले नव्हते, पण का चालवायची ते विसरले. सायकल अजून आमच्या जिन्याखाली आहे. पद्मजा दर दसऱ्याला पुसते.

पण त्या संध्याकाळी हे काहीच ठरलेलं नव्हतं. तानाजीनं टेम्पोतून माझा मोबाईल आणून दिला, तर पद्मजाचे सात मिस्ड कॉल. मी थोडा लांब जाऊन फोन लावला.

"पोचलात?"

"पोचलो."

"चुकले का हो कुठं?"

"चुकले," मी म्हणालो. "नऊ किलोमीटर."

"तरी मी म्हणत होते," ती म्हणाली. "आता ती सायकल—"

"सायकलीला हात लावायचा नाही. मी मागं होतो, पद्मा. मला दिसत होतं आणि मी ओरडलो नाही. त्यातली चूक माझीच धर."

"तुमचा आवाज का असा बसलाय?"

"दिवसभर तुझ्या वडलांना गावांची नावं ओरडून सांगत होतो."

पुलावर अंधार पडू लागला होता. आबा अजून कठड्याला टेकून पाण्याकडे बघत उभे होते.

"ऐकत होते का?" तिनं विचारलं.

"प्रत्येक वेळी," मी म्हणालो, "प्रत्येक वेळी हात वर केला त्यांनी."